पडणार-पडणार करत चार वर्षं

“काय रं, तुमचा ओबामा पडतोय म्हणं.”

गेली दोन वर्षं आमच्या आप्पांचा फोन बऱ्याचदा याच वाक्याने सुरू होतो. आप्पा आटपाडी तालुक्यात आमच्या गावी, मी इकडे ओहायोत टोलेडोला, आणि रविवारी आमची सकाळ नि त्यांची संध्याकाळ एकत्र आली की हा फोन ठरलेला. आधी जनावरं, मग पाऊस, मग टेंभूच्या उपसा योजनेचं पाणी, मग ओबामा. त्यांना ही बातमी टीव्हीवरनं मिळते, पेपरात परदेशाच्या पानावर मिळते, आणि ती दर वेळी एकच असते, विरोधी पक्ष म्हणतोय की या माणसाची दुसरी टर्म होत नाही.

परवा मंगळवारी, ६ नोव्हेंबर २०१२ ला, प्रेसिडेंटची निवडणूक झाली. आज शुक्रवार, फ्लोरिडाची मोजणी अजून संपलेली नाही, पण ती धरली नाही तरी ओबामाची ३०३ इलेक्टोरल मतं झालीत आणि लागतात २७०. (ही मतं राज्याराज्यांना वाटून दिलेली असतात, प्रेसिडेंट त्यांवरच ठरतो.) आमच्या ओहायोची १८ मतं पण त्यालाच गेली. बुधवारी सकाळी मीच फोन लावला, म्हटलं आप्पा, नाही पडला. आप्पा थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, “मग इतकी वर्षं ही माणसं पडणार पडणार म्हणत हुती ती कशाच्या जिवावर?”

तीन दिवस हा प्रश्न डोक्यातनं जात नाहीये म्हणून लिहायला बसलोय. मला इथे मत नाही, मी व्हिसावर आहे, ग्रीन कार्डाच्या रांगेत. पण २००७ पासून याच शहरात राहतो, गाड्यांचे सस्पेन्शनचे पार्ट बनवणाऱ्या एका सप्लायर कंपनीत इंजिनिअर आहे, मंदी पण इथेच बघितली आणि ही निवडणूक पण इथेच, त्यामुळे जे दिसलं ते सांगायचा हक्क आहे असं मला वाटतं.

“एकाच टर्मचा प्रेसिडेंट” हा शब्द आला कुठून ते आधी सांगतो, कारण तिकडे बऱ्याच जणांना वाटतं की तो टीकाकारांनी शोधून काढला. तो आधी ओबामाच्याच तोंडून आला. फेब्रुवारी २००९ मध्ये, खुर्चीत बसून महिनाही झाला नव्हता तेव्हा, एका टीव्ही मुलाखतीत तो स्वतः म्हणाला होता की तीन वर्षांत अर्थव्यवस्था मार्गी लागली नाही तर माझी एकच टर्म होईल. त्याच्याही आधी, जानेवारीत, त्याच्या अर्थतज्ज्ञांनी एक अहवाल काढला होता, त्यातल्या आलेखात दाखवलं होतं की सरकारने पैसे ओतले तर बेकारी ८ टक्क्यांच्या वर जाणार नाही. पैसे ओतले, ७८७ अब्ज डॉलरचा कायदा झाला, आणि ऑक्टोबर २००९ ला बेकारी १० टक्क्यांवर गेली. म्हणजे विरोधकांच्या हातात दिलेली काठी प्रेसिडेंटच्याच घरातली होती.

मग ऑक्टोबर २०१० ला सेनेटमधले, म्हणजे वरच्या सभागृहातले, विरोधी रिपब्लिकन पक्षाचे नेते मिच मॅकॉनेल एका मुलाखतीत सरळ म्हणाले की ओबामाला एकाच टर्ममध्ये घरी पाठवणं हे आमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं काम आहे. पुढच्याच आठवड्यात त्यांच्या पक्षाने खालच्या सभागृहात ६३ जागा जास्तीच्या मिळवल्या, त्यामुळे त्या बोलण्याला वजन आलं. आता यात गैर काय, असं कुणी विचारेल, आणि खरंच, विरोधी पक्षाने सत्ता मागायची नाही तर काय करायचं? माझी तक्रार ती नाहीच. माझी तक्रार अशी आहे की त्या दिवसापासून “हा पडणार” हेच त्यांचं मुख्य बोलणं होऊन बसलं. का पडावा, आणि पडल्यावर तुम्ही काय करणार, हे मागे राहिलं. अंदाज म्हणजे टीका नव्हे. टीका करायची तर हिशेब मांडावा लागतो, अंदाजाला तसं काही लागत नाही, रोज सकाळी टीव्हीवर बसून तो करता येतो.

आणि हिशेब मांडायला जागा किती होती बघा. फेब्रुवारी २००९ ते ऑगस्ट २०१२, सलग ४३ महिने बेकारी ८ टक्क्यांच्या वर. पहिल्या टर्मच्या शेवटी तूट निम्मी करतो म्हणाला होता, ती चारही वर्षं एक लाख कोटी डॉलरच्या वरच राहिली. देशाचं कर्ज १६ लाख कोटी डॉलरच्या पुढे गेलं, तेही नेमकं ओबामाच्या डेमोक्रॅट पक्षाचं अधिवेशन भरलं त्याच आठवड्यात. आमच्या आसपास अशी घरं आहेत की घराच्या किमतीपेक्षा त्याच्यावरचं कर्ज जास्त, विकताही येत नाही आणि हप्ताही झेपत नाही.

मी आमच्या कंपनीतलंच सांगतो. २००९ चा मार्च होता, शुक्रवार, दुपारी जेवून आलो तर एचआरची बाई एकेकाला आत बोलवत होती. बाहेर येणारा माणूस कुणाशी न बोलता डेस्कवरचे फोटो, कप, कॅलेंडर एका पुठ्ठ्याच्या खोक्यात भरायचा आणि एक जण त्याला दारापर्यंत सोडायला जायचा. आमच्या टीममध्ये अकरा जण होतो, पाच गेले. माझं नाव आलं नाही, पण त्या दिवशी घरी जाताना गाडीत दहा मिनिटं नुसता बसून होतो, कारण एच-वन-बी या कामाच्या व्हिसावर नोकरी गेली की नुसता पगार जात नाही, देशात राहायचा आधारच जातो, आणि बायको तेव्हा सात महिन्यांची गरोदर होती.

त्या पाच जणांमधला एक माझ्या शेजारच्या डेस्कवर बसायचा, पन्नाशीचा, टूलिंगमधला एकदम पक्का माणूस. तो २०११ ला परत आला. जनरल मोटर्स आणि क्रायस्लरला सरकारने वाचवलं, गाड्या परत खपायला लागल्या, आमच्याकडे ऑर्डरी आल्या आणि कंपनीने जुन्या माणसांना फोन केले. आता वाटेल की याने ओबामालाच मत दिलं असणार. नाही दिलं. तो मला म्हणाला, मी परत आलो खरा पण ताशी पाच डॉलर कमी घेऊन आलो, दोन वर्षांत रिटायरमेंटचे साठवलेले पैसे मोडून खाल्ले, मी कशाबद्दल आभार मानू? त्याने रॉम्नीला, म्हणजे रिपब्लिकन उमेदवाराला, मत दिलं आणि मला त्यात काहीच चुकीचं वाटत नाही. याला म्हणतात हिशेबाने दिलेलं विरोधी मत. रिपब्लिकन पक्षाला ही माणसं दारोदारी भेटत होती, त्यांचं बोलणं नुसतं माइकसमोर आणलं असतं तरी पुरलं असतं.

त्याऐवजी काय चाललं होतं? ७.२ चा आकडा. वर्षभर टीव्हीवर एकच, की रूझवेल्टनंतर बेकारी ७.२ टक्क्यांच्या वर असताना कुठलाच प्रेसिडेंट परत निवडून आलेला नाही, तेव्हा रेगनचं १९८४ साल म्हणजे शेवटची रेघ, ओबामा रेघेच्या वर आहे, विषय संपला. अरे पण “रूझवेल्टनंतर” का म्हणावं लागतं? कारण १९३६ ला बेकारी याच्याहून कितीतरी जास्त होती तरी रूझवेल्ट दणक्यात निवडून आले, कारण ती वरून खाली येत होती. माणूस आकडा बघत नाही, आपली गाडी चढाला लागलीय का उताराला ते बघतो. आमच्या आटपाडीत विहिरीत पाणी किती फूट आहे यापेक्षा ते वाढतंय का कमी होतंय हे आधी विचारतात, तसंच हे.

आणि मग ५ ऑक्टोबरला सप्टेंबरचा आकडा आला, ७.८. आठच्या खाली. त्या दिवशी जे झालं त्याने मला खरंच वाईट वाटलं. जनरल इलेक्ट्रिकचे जुने प्रमुख जॅक वेल्च यांनी ट्विट केलं की ही शिकागोवाली (म्हणजे ओबामाची) माणसं टीव्हीवरच्या वादविवादात हरली म्हणून आता आकडे बदलतायत, आणि दिवसभर पक्षाची बरीच माणसं तेच बोलत राहिली. हा आकडा काढणारं खातं म्हणजे कायमस्वरूपी नोकरदार, साठ हजार घरांना दर महिन्याला विचारून काढतात, बुश असताना तेच काढत होते. आकडा आपल्या बाजूचा असेपर्यंत तो वेदवाक्य, आणि फिरला की खोटा.

हे बघताना मला आपल्याकडचं सरकारी हिशेब तपासणारं कॅग आठवलं. टूजी मोबाइल लहरींच्या वाटपातल्या तोट्याचा १ लाख ७६ हजार कोटींचा आकडा आला तेव्हा मंत्री म्हणाले तोटा शून्य. यंदा ऑगस्टमध्ये कोळसा खाणींचा १ लाख ८६ हजार कोटींचा आला तर परत कॅगवरच शंका. फरक एवढाच की आपल्याकडे सत्तेवरचे लोक हिशेबनीसावर घसरतात आणि इथे विरोधक घसरले. माझ्या मते दोन्हीकडे नुकसान एकच, की पुढच्या वेळी खराच कुणी आकडा फिरवला तर सांगणाऱ्यावर विश्वास कोण ठेवणार?

मग सर्व्हे. ओहायोत ओबामा थोडा पुढे आहे असं बहुतेक सर्व्हे सांगत होते, तर सर्व्हेच वाकडे आहेत, त्यात डेमोक्रॅट माणसं जास्त घेतलीत, म्हणून कुणीतरी ते “सरळ” करून दाखवायला लागलं. न्यूयॉर्क टाइम्समध्ये लिहिणाऱ्या नेट सिल्व्हरने शेवटी ओबामाची शक्यता ९० टक्के धरली होती तर त्याच्यावर तुटून पडले. जॉर्ज विलसारखा इतकी वर्षं लिहिणारा माणूस रॉम्नीला ३२१ देऊन मोकळा झाला, टीव्हीवरचा भाष्यकार डिक मॉरिस ३२५. मंगळवारी रात्री सव्वाअकराच्या सुमाराला फॉक्सने ओहायो ओबामाला दिलं तर बुशचे जुने सल्लागार कार्ल रोव्ह त्याच चॅनलवर बसून मानायला तयार नाहीत, शेवटी निवेदिका उठून कॅमेऱ्यासकट आतल्या खोलीत गेली आणि आकडे करणाऱ्या माणसांना विचारून आली. मी आणि बायको सोफ्यावर बसून बघत होतो. मला तेव्हा आनंद नाही झाला, मनात आलं की ही माणसं दुसऱ्याला फसवत नव्हती, यांनी आधी स्वतःलाच पटवून घेतलं होतं. रॉम्नीने त्याच दिवशी विमानात पत्रकारांना सांगितलं होतं की मी एकच भाषण लिहिलंय, जिंकल्याचं. दोन वर्षं पडणार पडणार म्हणत राहिलं की हे असं होतं.

एक मात्र मान्य केलं पाहिजे. ३ ऑक्टोबरला डेन्व्हरला पहिला वादविवाद झाला तेव्हा रॉम्नीने खरी विरोधकाची कामगिरी केली. पावणेसात कोटी लोक बघत होते. दीड तास तो समोर उभा राहून विचारत होता, बेकारी का हटली नाही, तूट का हटली नाही, मध्यमवर्गाची मिळकत का घसरली, आणि प्रेसिडेंट खाली मान घालून कागदावर काहीतरी लिहीत होता. जगातला सगळ्यात ताकदवान माणूस आणि त्याला एक खासगी नागरिक तोंडावर हिशेब विचारतोय, मधे ना पोलीस ना पक्षाचे कार्यकर्ते. मला ओबामा आवडतो, मत असतं तर त्यालाच दिलं असतं, तरी त्या रात्री मला रॉम्नीचं कौतुक वाटलं. आणि लोकांनाही वाटलं, दुसऱ्या दिवसापासून फरक कमी व्हायला लागला, आमच्या प्लांटमध्ये कॉफीच्या मशीनजवळ तोपर्यंत गप्प असणारी माणसं बोलायला लागली. अंदाज बाजूला ठेवून हिशेब मागितला तर काय होतं त्याचं हे उत्तर समोर होतं.

पण तोपर्यंत बरंच बिघडलेलं होतं. सप्टेंबरच्या मध्यात ती ४७ टक्क्यांची व्हिडिओ फीत बाहेर आली, श्रीमंत देणगीदारांच्या जेवणात रॉम्नी सांगतोय की ४७ टक्के लोक सरकारवर अवलंबून आहेत, स्वतःला बळी समजतात, त्यांची काळजी करणं माझं काम नाही. आमच्या शेजारी एक आजोबा राहतात, व्हिएतनामला जाऊन आलेले, चाळीस वर्षं ट्रक चालवला, आता सोशल सिक्युरिटीच्या पेन्शनवर जगतात. आमचं बर्फ ते न सांगता काढतात आणि दिवाळीत चकल्यांचा डबा त्यांच्याकडे आधी जातो. पक्के रिपब्लिकन, अंगणात रॉम्नीची पाटी जुलैपासून होती. त्या आठवड्यात मी कचऱ्याचा डबा बाहेर लावत होतो तर ते म्हणाले, मी चाळीस वर्षं पैसे भरलेत, मला कुणी फुकट दिलेलं नाही. एवढंच. महिनाअखेर पाटी दिसेनाशी झाली. मत कुणाला दिलं ते मी विचारलं नाही, विचारणार पण नाही.

आणि शेवटच्या दीड-दोन आठवड्यांत तर आमच्या टोलेडोवरच आले. ओहायोतल्याच एका सभेत रॉम्नी म्हणाला की जीप आपलं सगळं उत्पादन चीनला न्यायच्या विचारात आहे असं मी वाचलंय, मग तशी जाहिरात पण आली. टोलेडो म्हणजे जीप. दुसऱ्या महायुद्धापासून इथे जीप बनते, अर्ध्या घरांत कुणी ना कुणी तिथे काम केलेलं असतं. ती बातमी ऐकून लोक सुपरवायझरना विचारायला लागले की खरं आहे का, शेवटी क्रायस्लरचे प्रमुख मार्किओने यांना कामगारांना पत्र लिहावं लागलं की असं काही नाहीये. ज्या माणसाने २००९ ची ती खोकी बघितलीत त्याला नोकरी जाणार म्हणून घाबरवणं, तेही नसलेल्या गोष्टीवरून, हे इथल्या लोकांना आवडलं नाही. गाडी कंपन्यांना वाचवायची सुरुवात तर खुद्द बुशने केली होती, डिसेंबर २००८ ला, १७.४ अब्ज डॉलर देऊन. रिपब्लिकन पक्षाने ते आपलं म्हणून अभिमानाने सांगायला पाहिजे होतं. त्याऐवजी रॉम्नीच्या त्याच वेळच्या लेखाचा “डेट्रॉइटला दिवाळं काढू द्या” हा मथळा त्यांच्या गळ्यात पडला, आणि तो मथळा तर वर्तमानपत्राने दिलेला होता.

ओबामाचं सगळं चांगलं चाललं होतं असं मी म्हणत नाहीये. जुलैमध्ये त्याची एक जाहिरात आमच्याकडे सारखी लागायची, रॉम्नी बेसूर आवाजात देशभक्तीचं गाणं गातोय आणि पडद्यावर अक्षरं, याने नोकऱ्या मेक्सिकोला दिल्या, चीनला दिल्या, गव्हर्नर असताना भारताला दिल्या. भारत हा शब्द तिथे शिवीसारखा. माझ्या मोठ्या मुलीला नुकतं वाचता यायला लागलंय, तिने “इंडिया” वाचलं आणि विचारलं, बाबा, इंडियाने काय केलं? मी टीव्ही बंद केला, पण उत्तर देता आलं नाही. पुण्याला माझा धाकटा भाऊ हिंजवडीत आयटीत आहे, त्याचा तर ओबामावर २००९ पासून राग, बंगलोरला नोकरी दिली तर कर कमी आणि अमेरिकेतल्या बफेलोला दिली तर जास्त असं ओबामा म्हणाला होता, ते वाक्य तो अजून विसरलेला नाही. “दादा, तुझा माणूस आमच्या पोटावर उठलाय आणि तू त्याचं कौतुक करतोस,” हे तो दर राखीला ऐकवतो. मी त्याला सांगतो की अरे ते भाषण होतं, काम तुमच्याकडे येतच राहिलं. तो म्हणतो मग खोटं का बोलतो. याचं उत्तर माझ्याकडे नाही.

आता घरचं. कारण आप्पांचा प्रश्न खरं तर ओबामाबद्दलचा नव्हताच.

आमच्या गावात यंदा पाऊस नाही. गेल्या उन्हाळ्यापासून आमच्या दोन म्हशी चारा छावणीत आहेत, आप्पा रोज सकाळी डबा घेऊन तिकडेच जातात, दावणीशेजारी बाज टाकलीय. डाळिंबाची बाग टँकरच्या पाण्यावर कशीबशी धरलीय. टेंभूची योजना मी इंजिनिअरिंगला जायच्या आधी सुरू झाली, कराडजवळ कृष्णेतनं पाणी उचलायचं आणि टप्प्याटप्प्याने वर चढवत आमच्या माणदेशात आणायचं, अशी. मी शिकलो, पुण्यात नोकरी केली, इकडे आलो, मला दोन मुली झाल्या, आणि आमच्या शिवारात ते पाणी अजून आलेलं नाही. प्रत्येक निवडणुकीला मात्र येतं.

यंदा राज्याच्या आर्थिक पाहणीतनं निघालं की दहा वर्षांत सिंचनावर सत्तर हजार कोटी खर्च झाले आणि सिंचनाखालची जमीन वाढली ०.१ टक्का. विजय पांढरे नावाच्या मुख्य अभियंत्याने पत्र लिहून आतला कारभार मांडला. २५ सप्टेंबरला अजितदादांनी उपमुख्यमंत्रिपदाचा राजीनामा दिला. माझ्या आयुष्यात आमच्या गावाच्या इतक्या जवळचा विषय कधी टीव्हीवर आला नव्हता, मी ऑफिसमधनं आल्या आल्या लॅपटॉपवर मराठी चॅनल लावून बसायचो. आणि काय ऐकलं? सरकार पडणार का. राष्ट्रवादीचे बाकीचे मंत्री राजीनामे देणार का. काका-पुतण्यात काय झालं. मध्यावधी लागणार का. तिकडे दिल्लीत ममतांनी किरकोळ दुकानदारीतल्या परदेशी गुंतवणुकीवरून पाठिंबा काढला, तर तिथेही हेच, पडणार का. विरोधक पण तेच बोलत होते, राजीनामा द्या, सरकार बरखास्त करा. कोळशावरून संसदेचं बरंचसं पावसाळी अधिवेशन वाहून गेलं, पंतप्रधानांचा राजीनामा पाहिजे म्हणून. राजीनामा मागायचा हक्क आहेच, पण ज्या सभागृहात उभं राहून खाणीगणिक विचारता आलं असतं तेच बंद पाडलं.

सत्तर हजार कोटींत टेंभूला किती आले, कुठल्या टप्प्याचे पंप बसलेत आणि कुठले गोदामात आहेत, पोटकालव्याची जमीन कुठे अडलीय, हे एकाही चर्चेत कुणी विचारलेलं मी ऐकलं नाही. आप्पा म्हणाले ते मला इतकं लागलं, “सरकार पडू दे न्हाईतर ऱ्हाऊ दे, पाणी कुठं अडकलंय तेवढं सांगा की कुणीतरी.”

आपल्या पद्धतीत सरकार मधेच पडू शकतं, त्यामुळे “पडणार” या शब्दाला तिकडे धार आहे, मंत्र्याला भीती राहते, हे मला कळतं. इथे चार वर्षं प्रेसिडेंट हलत नाही, तारीख ठरलेली, आणि तेवढी वर्षं विरोधक अडवून धरू शकतात. ओबामाने सप्टेंबर २०११ मध्ये ४४७ अब्ज डॉलरची नोकऱ्यांची योजना आणली ती सेनेटमध्येच अडली, त्याच्या आधी ऑगस्टमध्ये सरकारने किती कर्ज काढायचं त्या कर्जमर्यादेवरून इतकं ताणलं की देशाचं पत-मानांकन उतरलं. तेव्हा इथलं सगळं भारी असं सांगायला मी बसलेलो नाही. निवडणूक घेण्यात तर आपला आयोग यांच्यापेक्षा कितीतरी पुढे आहे, इथे प्रत्येक राज्याचे नियम वेगळे, आणि फ्लोरिडात लोक तासन्‌तास उभे होते, अजून निकाल नाही. पण ठरलेल्या तारखेचा एक फायदा मी डोळ्यांनी बघितला. त्या तारखेच्या आधी विरोधकाला एक माणूस उभा करावा लागतो, त्याला तीनदा प्रेसिडेंटच्या समोर उभं राहावं लागतं, आणि “तू काय करणार” हा प्रश्न त्यालाही चुकत नाही. आपल्याकडे हिवाळी अधिवेशन नागपूरला पुढच्या महिन्यात आहे. तिथे विरोधी पक्षनेत्याने उभं राहून योजनेगणिक विचारावं, एक दिवस टेंभू, एक दिवस ताकारी, एक दिवस म्हैसाळ, आणि उत्तर मिळेपर्यंत खाली बसू नये, एवढीच माझी इच्छा आहे. सरकारने श्वेतपत्रिका काढतो म्हटलंय, ती कधी येईल ती येवो.

इथे आता काय होणार म्हणाल तर खालचं सभागृह रिपब्लिकन लोकांकडेच राहिलंय, मॅकॉनेलही आहेत तिथेच आहेत, आणि १ जानेवारीला कर वाढायचे नि खर्च कापायचे असं दोन्ही एकदम येऊन ठेपलंय, त्यामुळे परत तीच माणसं समोरासमोर. फक्त ओबामाला पाडायचं आता कुणाला राहिलेलं नाही, त्याची तिसरी टर्म होतच नाही. बघू, निदान आता तरी कामाचं बोलतात का.

बुधवारच्या फोनच्या शेवटी आप्पा म्हणाले, तू असं कर, तिकडं बसून ते माहिती अधिकाराचं कसं असतंय ते बघ आणि अर्ज लिहून धाड, मी सही करून सांगलीला नेऊन देतो. काल रात्री मुली झोपल्यावर बसलो. यंदापासून आपल्या राज्यात अर्ज दीडशे शब्दांत बसवावा लागतो आणि विषय एकच. पहिल्या खेपेला माझे दोनशे साठ झाले, कारण सुरुवातीला दुष्काळाचं आणि म्हशींचं लिहिलं होतं. ते काढलं. आता चारच प्रश्न आहेत, आमच्या गावापर्यंतच्या पोटकालव्याचं काम कधी मंजूर झालं, ठेका कुणाला, आजपर्यंत पैसे किती दिले, आणि काम कुठल्या किलोमीटरवर थांबलंय. आज दुपारी भावाला मेल केलाय, तो दिवाळीला गावी जाताना प्रिंट काढून दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावून नेणार आहे.